सांता शुक्रवारी येतो, बाळ येशू गुरुवारी

चौथीची टीचर:
वसईतल्या एका काकांची पोस्ट फिरत फिरत आमच्या स्टाफ ग्रुपवर आली. सांगणं थोडक्यात असं: कॅथलिक शाळांनी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे चार रविवार, विकून खाल्ला. ३० नोव्हेंबरला, पहिल्या रविवारी, पहिली मेणबत्ती पेटते न पेटते तोच शाळेत सांता नाचायला लागतो. टीचर लोकांना आगमनकाळ म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का?

ठाऊक आहे, काका. या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या ज्यात लावतात ते शाळेचं पुष्पचक्र सतरा वर्षं मीच बांधते. तीन जांभळ्या मेणबत्त्या लगेच मिळतात. तिसऱ्या रविवारची गुलाबी मागितली की दुकानदार लाल हातात ठेवतो आणि वर "एकच आहे हो, बाई" म्हणतो. तिच्यासाठी मी दरवर्षी तीन दुकानं पालथी घालते.

शाळा २३ डिसेंबरला बंद होते. गुरुवारी, २५ तारखेला वर्गात कोण येणार, तुम्ही? १९ च्या शुक्रवारी केलं नाही तर करायचं कधी? ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला? तेव्हा युनिट टेस्ट असते. माझ्या वर्गात ५८ मुलं, त्यातली ख्रिस्ती ११. बाकीच्या ४७ जणांचा नाताळ म्हणजे तो शुक्रवारच.

आणि सांता का, तेही ऐका. बाळ येशूची नाटिका बसवली की कुणीतरी मोबाईल काढतो आणि संध्याकाळपर्यंत 'शाळेत धर्मांतर' म्हणून व्हिडिओ फिरतो. आम्ही एकदा हे भोगलंय. मरिया झालेल्या मुलीच्या आईने रडत फोन केला होता. तेव्हापासून लाल टोपी. टोपीला कुणी काही म्हणत नाही. अर्थात २०२३ ला मध्य प्रदेशात शाजापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी टोपीलाही पालकांची लेखी परवानगी आणायला लावली, तो भाग वेगळा. घरी बसून पोस्ट लिहिणं सोपं आहे.

केळीवाला काका:
पोस्ट माझीच. घरी बसून नव्हे, वाडीत बसून लिहिली.

तुमचा राग कळला, मुद्दा नाही. कार्यक्रम शुक्रवारी करू नका असं मी कुठे म्हणालो? काय करता ते बघा. 'जिंगल बेल्स'वर डान्स. त्या गाण्यात येशूही नाही नि नाताळही नाही, घोडागाडीची मजा आहे. सांताचं मूळ संत निकोलस, मायराचे बिशप, सण ६ डिसेंबरला. म्हणजे तोही आगमनकाळातच बसतो! बिशपची टोपी घालून आणा की त्याला. पण नाही, कापसाची दाढी नि पोटाला उशी.

आमच्या आईचा आगमनकाळ सांगतो. डिसेंबर लागला की ती जुन्या पत्र्याच्या झाकणात माती पसरून नाचणी पेरायची. झाकण माचाखाली, अंधारात. रोज सकाळी आम्ही पोरं पालथी पडून बघायचो. आधी पांढरे टोक, मग पिवळट हिरवं, आणि विसाव्या दिवशी गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, मांडण्याजोगं गवत. तोवर गोठ्यात मेंढ्या, बैल, योसेफ, मरिया सगळे हजर, गव्हाणी मात्र रिकामी. बाळाची मूर्ती आजीच्या पेटीत, धुतलेल्या रुमालात. मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर आजी ती पदराखाली आणायची. आम्ही झोपेने झिंगत असायचो, पण ते बघितल्याशिवाय फुगा, म्हणजे तळलेला फुगीर पाव, तोंडात घालायचो नाही.

तुमच्या शाळेच्या गेटवरचा गोठा मी परवा पाहिला. १० तारखेलाच बाळ जन्मलेलं. वर निळे लाइट.

दोन मुलींची आई:
मी हिंदू, दोन्ही मुली कॉन्व्हेंटमध्ये. काका, तुमची नाचणी वाचून चक्रावलेच. आमच्याकडे घटस्थापनेला हेच करतात, फक्त नऊ दिवसांत उरकतं. हे असं काही तुमच्यात असतं हे मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नाही. मला काय कळलं? लाल फ्रॉक ३५० रुपये, सीक्रेट सांताचं गिफ्ट १०० पर्यंत आणि गिफ्टच्या नावाखाली घरी आलेल्या चार सारख्या पेन्सिल पेट्या.

टीचर, तुम्ही पालकांना घाबरता म्हणता. घटनेच्या कलम २८ मध्येच आहे की संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती नाही. मग चिठ्ठी पाठवून संमती मागा. मी सही करीन. सांताची सही मात्र मागू नका, कंटाळा आलाय.

चौथीची टीचर:
तुम्ही सही कराल हो. व्हिडिओ काढणारा सही करायला येत नाही.

होळीबाजार:
मूळ रोग कुणी बोलतच नाही. सगळा कार्यक्रम इंग्रजीत! प्रार्थना इंग्रजीत, कॅरोल इंग्रजीत, सिस्टरचं भाषण इंग्रजीत. १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला छापून झालं, ओव्यांत. इंग्लंडहून आलेला माणूस मराठीत ख्रिस्तजन्म गातो आणि वसईची पोरं 'बेथलेहेम'चा उच्चार ओठ वाकडे करून करतात. 'सुवार्ता' मासिक १९५५ पासून मराठीत निघतंय, कुणासाठी?

बोरिवली ईस्ट:
आला भाषेचा गाडा. दादा, मराठी कॅरोल ऐकल्यात का? 'शांत रात्र' गाताना कोयरचाच श्वास अडकतो. चाल एकीकडे, शब्द एकीकडे. भाषांतर ते भाषांतरच.

होळीबाजार:
'सायलेंट नाईट' मूळ जर्मन आहे. १८१८, ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ. तुम्ही डोळे मिटून गाता ते इंग्रजीही भाषांतरच! पण ते साहेबाने केलेलं, म्हणून गळा अडकत नाही.

बोरिवली ईस्ट:
बरं बुवा, जर्मन. पटलं. पण माझ्या मुलाला नोकरी जर्मनमधून मिळणार नाही आणि मराठीतूनही नाही. चर्चच्या मराठी शाळांचे वर्ग ओस का पडले? पालकांनीच पोरं काढली म्हणून. काका, राग मानू नका, तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत?

केळीवाला काका:
विषय आगमनकाळाचा चाललाय.

बोरिवली ईस्ट:
म्हणजे इंग्रजी. 😄

केळीवाला काका:
हो, इंग्रजी. सुनेने घातली. मी बोललो होतो तेव्हा, कुणी ऐकलं नाही. झालं समाधान?

निर्मळची लेक:
इथे सगळेच मराठीचे कैवारी दिसतात म्हणून विचारते. मराठी तरी आमची कुठे होती? घरी आम्ही कादोडी, ही आमची वसईची बोली, बोलायचो. शाळेत गेले तर बाईंनी पहिल्याच दिवशी "नीट बोल" म्हणून उभं केलं. बाईही ख्रिस्तीच. आजीला लॅटिन मिस्सा कळायचा नाही, साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आला तर निम्मा कळायला लागला. ती म्हणायची, देवाला कादोडी येत असावी, नाहीतर माझं इतकी वर्षं ऐकलं कसं? आता इंग्रजी आलं तर होळीबाजारकरांना हुंदका फुटतो. आमचा तेव्हा कुणाला ऐकू आला नाही.

होळीबाजार:
म्हणून काय मराठीही सोडायची? ही बोली विरुद्ध प्रमाण भांडणं लावूनच इंग्रजीवाले जिंकतात.

निर्मळची लेक:
मी कुणाची भांडणं लावत नाही. मला उभं केलं होतं ते सांगतेय. ४० मिनिटं.

होळीबाजार:
ते चूकच होतं. नाही म्हणालो का?

निर्मळची लेक:
म्हणाला नव्हतात. आता म्हणालात, नोंद घेतली.

सांडोरचा सॅक्रिस्तान:
भाषा झाली असेल तर गोठ्याकडे वळू. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ ला, १ डिसेंबरला, ग्रेच्चोला जाऊन गोठ्यावर पत्र सही केलं. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसनी पहिला गोठा मांडला तेच गाव. त्या पत्रात घरांबरोबर शाळा, इस्पितळं, तुरुंग, चौक सगळ्यांची नावं आहेत, गोठा मांडा म्हणून. सांता मांडा असं नाही. टीचरना भीती वाटते हे खरं आहे, पण गेटवर गोठा तर तुम्ही मांडताच ना? तेवढं धाडस आहे. मग त्यातलं बाळ १३ दिवस कपाटात ठेवायला कुणाची परवानगी लागते?

चौथीची टीचर:
आमच्या शिपायाची. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते.

थट्टा पुरे. सांगायचं नव्हतं, पण सांगते. चार वर्षांपूर्वी मी वर्गात बुटांच्या खोक्याची गव्हाणी ठेवली होती. नियम असा: कुणाला मदत केली, भांडण मिटवलं, की पेंढ्याची एक काडी टाकायची. बाळासाठी गादी. कुणाचा धर्म विचारला नाही. तिसऱ्या दिवशी एका मुलाने मूठभर पेंढा कोंबला. विचारलं तर म्हणे, "टीचर, हे माझ्या अब्बांचं पण आहे, ते रोज रात्री रिक्षा चालवतात." मी ते बाहेर काढलं नाही. सुट्टी लागली तेव्हा खोकं भरून वाहत होतं आणि आत बाळ नव्हतंच, कारण मूर्ती आणायला मी विसरले होते. मुलांना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. पुढच्या वर्षी वरून निरोप आला की वर्गात धार्मिक वस्तू नकोत. खोकं गेलं.

तेव्हा काका, मला आगमनकाळ शिकवू नका.

केळीवाला काका:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी इतका भांडलो नसतो. 'ठाऊक आहे का' हे शब्द मागे घेतो. 'विकून खाल्ला' घेत नाही, ते शाळेला होतं, तुम्हाला नव्हे.

चौथीची टीचर:
केवढे हे उपकार.

दोन मुलींची आई:
नाचणी धार्मिक वस्तू धरतात का? परिसर अभ्यासात 'बी रुजणे' हा धडा आहेच की.

चौथीची टीचर:
...हे मुख्याध्यापिकांना विचारता येईल. यंदा उशीर झाला पण. आज पेरली तर शुक्रवारपर्यंत पांढरे टोकच दिसतील.

केळीवाला काका:
रात्रभर भिजवून पेरा, लवकर येते. आणि बियाणं विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे. गेटवर आणून ठेवतो. तेवढं ते बाळ आत घ्या.

बोरिवली ईस्ट:
धड्याचं नाव मराठीत असणार की इंग्रजीत? 🙏

होळीबाजार:
तू गप रे.