'क्लाविस'ची चावी कशी झाली?

ओसरी: किल्लीला इटालियनमध्ये 'क्यावे', स्पॅनिशमध्ये 'यावे', पोर्तुगीजमध्ये 'शाव', फ्रेंचमध्ये 'क्ले' म्हणतात. चारही लॅटिन 'क्लाविस'वरून आलेत, तर सुरुवात इतकी वेगळी का? आणि आपली 'किल्ली' 'क्ले'च्या नात्यातली का?

खलबत्ता: 'क्लाविस' नको, द्वितीयेचं 'क्लावेम' धरा. या भाषांतली बहुतेक नामं त्याच रूपावरून आली. शेवटचा म् फार लवकर गळला.

खरी गोष्ट 'क्ल'ची. क्-पुढचा ल् तालव्य (जीभ टाळूला लावून म्हटलेला) होऊन 'क्ल्य' झाला. इटालियनमध्ये त्यातला ल् गेला, 'क्य' उरला. स्पॅनिशमध्ये उलट क् गेला आणि 'ल्य' उरला. लिहिताना दोन एल त्यासाठीच. आज बहुतेक जण त्याचा 'य' करतात, ब्वेनोस आयरेसमध्ये तर 'श' ऐकू येतो. पोर्तुगीजमध्ये दोन्ही मिसळून 'च' झाला. रुमानियन 'केये' इटालियनच्या वाटेने गेलं. कातालान (बार्सिलोनाकडची भाषा) 'क्लाऊ' आणि फ्रेंचमध्ये 'क्ल' शाबूत आहे. फ्रेंचने बदलला तो स्वर, 'मारे'चं (समुद्र) 'मेर' झालं तसा.

ताळा करायचा तर पाऊस घ्या, लॅटिन 'प्लुविआ': इटालियन प्योज्जा, स्पॅनिश युविआ, पोर्तुगीज शुवा. 'प्ल'चीही तीच गत. रुमानियन इथे मात्र फुटतं, 'प्लोआये'. तिथे 'क्ल' बदलला, 'प्ल' नाही.

दर्यावर्दी: 'किल्ली' संस्कृत 'कील'कडची, म्हणजे खुंटी. 'क्ले'शी साम्य निव्वळ योगायोग. नात्यातली आहे ती 'चावी', थेट पोर्तुगीजांकडून आलेली. ते 1510 मध्ये गोव्यात आले तेव्हा त्यांचा उच्चार 'च'च होता, लिस्बनचा 'श' नंतरचा. म्हणून आपण 'शावी' म्हणत नाही. (ब्राझीलमध्ये मात्र अगदी 'शावी' म्हणतात!) गॅलिसियनमध्ये (स्पेनच्या वायव्येची, पोर्तुगीजच्या जवळची भाषा) अजून 'च' आहे.

खलबत्ता: एक सावधगिरी. नियम सरसकट लावला की फसगत होते. 'क्लावुस' म्हणजे खिळा, 'क्लाविस'चंच भावंड. पण स्पॅनिशमध्ये त्याचं 'क्लावो' राहिलं, पोर्तुगीजमध्ये 'क्रावो', ज्याचा अर्थ लवंगसुद्धा होतो. शिवाय स्पॅनिशने तोच शब्द पुन्हा लॅटिन पोथ्यांतून उचलला: 'क्लावे', म्हणजे सांकेतिक लिपीची किल्ली. कुलूप त्याने उघडत नाही, त्याला 'यावे'च लागते.

शब्दाच्या मध्ये आलेल्या 'क्ल'चा हिशोब आणखी वेगळा. 'ओकुलुस' (डोळा) झिजून 'ओक्लु' झाला, त्याचं इटालियनमध्ये 'ओक्यो', पोर्तुगीजमध्ये 'ओल्यु', स्पॅनिशमध्ये 'ओखो'. तिथे 'च' शोधत बसू नका.