मुलाखती ४००, पण नमुना नक्की कितीचा?

प्रश्न

नमस्कार. मी समाजशास्त्रात पीएच.डी. करत असून ‘शेजाऱ्यांवरील विश्वास आणि सामूहिक कामांतील सहभाग’ हा माझा विषय आहे. नमुन्याचा आकार ठरवताना मी सर्वत्र आढळणारा ३८४ हा आकडा आधाराला घेतला, तो वाढवून ४०० केला, आणि वस्त्यांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने २० वस्त्या निवडून प्रत्येकीतील २० घरांत एकेका प्रौढ व्यक्तीची मुलाखत घेतली. मसुद्यात मी ‘९५ टक्के विश्वासपातळी, त्रुटीची मर्यादा ±५ टक्के’ (म्हणजे अशा शंभर नमुन्यांपैकी सुमारे ९५ मध्ये अंदाज खऱ्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत राहील) असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून समासात एवढेच लिहिले आहे: ‘हा नमुना ४०० चा नाही.’ एकही प्रश्नावली अर्धवट नसताना या शेऱ्याचा अर्थ काय घ्यावा, आणि क्षेत्रकार्य संपल्यावर आता काय करता येईल?

उत्तर १

शेरा रास्त आहे. ३८४ हा आकडा १.९६ (९५ टक्के विश्वासपातळीचा गुणक) चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, या गणितातून येतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० मधील तक्त्यामुळे तो घरोघरी पोहोचला; मात्र त्यामागची अट तितकी पोहोचली नाही. प्रत्येक व्यक्ती इतरांपासून स्वतंत्रपणे निवडली गेली, म्हणजेच नमुना साधा यादृच्छिक आहे, असे हे गणित धरून चालते. तुम्ही मात्र आधी वस्त्या निवडल्या आणि मग त्यांतील माणसे.

एका वस्तीतील माणसे एकमेकांसारखी उत्तरे देतात, ही गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या एका सर्वेक्षणात एका वस्तीत आम्ही पोहोचण्याच्या आदल्याच आठवड्यात चोरी झाली होती. ‘शेजाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे?’ या प्रश्नाला पाचपैकी सर्वांत खालचा पर्याय एकामागून एक घर निवडत गेले. तिसऱ्या घरानंतर चौथ्या घरी काय उत्तर येणार, हे मुलाखतकाराला आधीच कळत होते. अशा वेळी विसाव्या मुलाखतीतून मिळणारी नवी माहिती फारच थोडी असते.

हा परिणाम मोजता येतो. लेस्ली किश यांनी १९६५ मध्ये रूढ केलेल्या ‘नमुनारचनेचा परिणाम’ या संकल्पनेचे सोपे सूत्र असे आहे: प्रत्येक वस्तीतील मुलाखतींतून एक वजा करा, त्याला वस्तीअंतर्गत सहसंबंधाने (एका वस्तीतील उत्तरे एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत याच्या मापाने) गुणा आणि त्यात एक मिळवा. तो सहसंबंध केवळ ०.०५ धरला, तरी १ + १९ × ०.०५ म्हणजे १.९५ येतात. ४०० ला १.९५ ने भागल्यास प्रभावी नमुना, म्हणजे तितकीच माहिती देणाऱ्या साध्या यादृच्छिक नमुन्याचा आकार, सुमारे २०५ चा उरतो आणि त्रुटीची मर्यादा ±६.८ टक्क्यांवर जाते. याच ४०० मुलाखती ४० वस्त्यांतून दहा-दहा घेतल्या असत्या, तर प्रभावी नमुना २७६ चा झाला असता. म्हणून मुलाखतींची संख्या वाढवण्यापेक्षा वस्त्यांची संख्या वाढवणे बहुधा अधिक लाभाचे ठरते.

उत्तर २

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे, पण मला त्याहून अधिक काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. ‘एकही प्रश्नावली अर्धवट नाही’ असे आपण लिहिले आहे. मग ज्या घरांना कुलूप होते किंवा ज्यांनी नकार दिला, त्यांचे काय केले? मुलाखतकार शेजारच्या घरी गेले असतील, तर दिवसा घरी असणारी माणसेच नमुन्यात अधिक येतात, आणि तीच शेजाऱ्यांना अधिक ओळखतात. आपल्या विषयात हा दोष थेट मुख्य चलावर, म्हणजे शेजाऱ्यांवरील विश्वासावर, जाऊन बसतो.

नमुन्याच्या आकाराने असा दोष भरून निघत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. दूरध्वनी आणि मोटारमालकांच्या याद्या वापरल्याने संपन्न मतदार अधिक आले, हे कारण नेहमी सांगितले जाते. मतपत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या पसंतीतच फरक होता, हे दुसरे कारण मात्र अनेकदा विसरले जाते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्षेत्रकार्याच्या वह्या पुन्हा तपासल्या असता ६१ घरे बदललेली आढळली, आणि त्यांपैकी बहुतेक कामाच्या दिवशी दुपारी. विश्वासाच्या प्रश्नासाठी वस्तीअंतर्गत सहसंबंध ०.०८ आला, म्हणजे नमुनारचनेचा परिणाम २.५२ आणि प्रभावी नमुना सुमारे १५९. मर्यादा ±७.८ टक्के लिहावी का? आणि प्रत्येक वस्तीची सरासरी काढून २० वस्त्यांवर विश्वास व सहभाग यांचा सहसंबंध काढला, तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर १

सरासरींचा मार्ग धरू नका. समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवले, की परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे अधिक, त्या राज्यांत साक्षरता अधिक दिसत होती. व्यक्तिपातळीवर मात्र परदेशात जन्मलेले लोकच कमी साक्षर होते. ते साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, इतकेच. तुमचा दावा व्यक्तींविषयी आहे, तेव्हा विश्लेषणही व्यक्तिपातळीवर, वस्ती हा दुसरा स्तर धरणाऱ्या बहुस्तरीय प्रतिमानाने (व्यक्तींमधील आणि वस्त्यांमधील फरक वेगवेगळे मोजणाऱ्या पद्धतीने) करा.

±७.८ मध्येही एक दुरुस्ती हवी. वस्त्या २०, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा (अंदाजामागील स्वतंत्र घटकांची संख्या, इथे वस्त्या वजा एक) १९, त्यामुळे १.९६ ऐवजी २.०९ घ्यावे लागते आणि मर्यादा ±८.३ टक्के होते. प्रबंधात हाच आकडा लिहा, आणि बदललेल्या ६१ घरांची नोंद तळटीपेत न टाकता नमुना निवडीच्या मुख्य मजकुरातच द्या.