मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसेडर मार्क २, टायमिंगचा घोळ की कार्ब्युरेटरचा?

दिवेघाट:
१४८९ सीसी इंजिन, एसयू एचएस२ कार्ब्युरेटर, लुकास डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा). प्लग, सीबी पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) आणि कन्डेन्सर नवे आहेत, टॅपेट मॅन्युअलप्रमाणे लावलेत. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मेकॅनिकने कानाने लावलं: डिस्ट्रिब्युटर फिरवत जिथे रेस (इंजिनाचा वेग) सर्वांत जास्त झाली तिथे आवळला, मग थ्रॉटलचा स्क्रू मागे घेऊन स्लो (पेडल सोडल्यावरचा वेग) कमी केला. आता स्लो छान, पण पेडल दाबताच गाडी क्षणभर गुदमरते आणि कार्ब्युरेटरमधून 'फट्' आवाज येतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला खटखट. चोक थोडा ओढला की पिकअप सुधारतो. प्लग पांढरट. कार्ब्युरेटर पुन्हा खोलू का?

फिलरगेज:
आत्ताच खोलू नका. चोक ओढल्यावर सुधारतंय आणि प्लग पांढरे, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, एवढं नक्की. पातळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर हवी असते. म्हणून कानाने लावताना टायमिंग पुढे सरकलं आणि स्लोला दोन्ही दोष झाकले गेले. चढाला लोड आला की तेच जादा अ‍ॅडव्हान्स (फार लवकर पडणारी ठिणगी) खटखट करतं. आधी टायमिंग जागेवर आणा, मग जेटला (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राला) हात लावा. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही पुन्हा करावं लागेल.

त्याच्याही आधी पॉइंटचा गॅप: १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीसचा पुसट हात द्या. कोरड्या कॅमवर नव्या पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटतो आणि टायमिंग मागे पडतं.

मग १२ व्होल्टचा बल्ब डिस्ट्रिब्युटरच्या लो-टेन्शन टर्मिनलपासून गाडीच्या बॉडीला लावा. इग्निशन ऑन करून इंजिन हाताने सरळ दिशेनेच फिरवा. बल्ब पेटला की पॉइंट उघडले. त्या क्षणी पुलीची खाच टायमिंग कव्हरवरच्या काट्यांपैकी कुठे आहे ते पाहा: मोठा काटा टीडीसी (पिस्टन अगदी वर), बाकीचे दोन ५ आणि १० अंश. किती अंश ठेवायचे ते तुमच्या इंजिनाच्या कॉम्प्रेशनप्रमाणे मॅन्युअलमधून घ्या. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटरची बॉडीही त्याच बाजूला वळवली की टायमिंग मागे येतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

दिवेघाट:
टायमिंग १० अंशांच्या काट्यापेक्षाही बरंच पुढे (लवकर) होतं. मॅन्युअलच्या आकड्यावर आणल्यावर खटखट गेली, पण स्लो पडला आणि गुदमरणं तसंच आहे.

डॅशपॉट:
स्लो पडणारच, आता पातळ मिश्रण उघडं पडलं. आधी डॅशपॉटचं (कार्ब्युरेटरच्या पिस्टनवरच्या घुमटाचं) तेल पाहा. डॅम्पर (टोपीचा दांडा) आत सोडताना टोपी बसायला पाव इंच उरलं की अडथळा जाणवायला हवा. नसेल तर २० नंबरचं तेल घाला. तेलाविना पिस्टन झटकन वर उडतो आणि पेडल दाबताच हवा जास्त, पेट्रोल कमी.

मग जेट ब्रिजच्या (पिस्टनखालच्या पट्टीच्या) पातळीला आणून जेटचा नट १२ पैलू खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे. इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरखालची पिन वापरून त्याचा पिस्टन जेमतेम पाऊण मिमी उचला. रेस वाढून तशीच राहिली तर मिश्रण जाड, पडली तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झाली तर बरोबर. एका वेळी एकच पैलू फिरवा. पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मिश्रण पातळ करतं, त्यामुळे जुन्या सेटिंगपेक्षा दोन-तीन पैलू जास्त लागले तर नवल नाही. त्याच पेट्रोलने जुने रबरी पाइप सुजतात, तेही बदला.

एवढं करूनही पातळच राहिलं तर थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटलच्या झडपेचा दांडा) हाताने हलवून पाहा. ढिला असेल तर तिथून हवा ओढतोय. स्प्रे मारून तपासायची घाई नको, या इंजिनात कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर आहे, स्प्रे पेट घेईल!

फिलरगेज:
एक राहिलं. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा. पॉइंटखालची बेसप्लेट सरकून जागीच थांबायला हवी. परत आली तर डायफ्राम फाटलाय. प्लेट सरकते पण हलक्या पेडलवर मिसिंग होतं, असं असेल तर तिची बारीक अर्थ वायर तुटत आलेली असते. वरून शाबूत दिसते, म्हणून मीटर लावून प्लेट हलवत तपासा.