साफसफाईनंतर कॉम्प्युटरचा पार्ट दिसेना झाला? तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव

खंडेनवमीला आमच्या घरी शिलाई मशीन, गाडी, विळी, कोयता सगळं पुसून पूजेला लागतं. गेली काही वर्षं त्यात कॉम्प्युटरही आलाय. यंदा अष्टमीच्या रात्री मी कॅबिनेट उघडून रॅम, ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, एसएसडी सगळं काढलं, ब्रशनं झाडलं आणि परत जोडलं. सकाळी हळदकुंकू वाहून चालू केला. विंडोज आली, पण हार्ड डिस्कवरची डी ड्राइव्ह गायब. त्यात मुलीच्या बारशापासूनचे फोटो.

बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंगची पानं) डिस्कचं नाव नव्हतं. बोट लावल्यावर डिस्क फिरत असल्याचं जाणवत होतं, म्हणजे वीज पोचत होती. डेटाची वायर बदलली, तरी तेच. तीच वायर मदरबोर्डवरच्या दुसऱ्या साटा पोर्टला (डिस्कची डेटा वायर लागते ती जागा) लावली आणि डिस्क लगेच आली. पोर्ट खराब झालाय असंच वाटलं. मॅन्युअल वाचल्यावर उलगडा झाला. जोडताना मी एम.टू एसएसडी (वायरीशिवाय थेट बोर्डात बसणारी पट्टी) वरच्या खाचेतून खालच्या खाचेत बसवली होती, कारण वरची ग्राफिक कार्डाखाली अडचणीत होती. बऱ्याच बोर्डांवर एम.टूची खाच भरली की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. बोर्ड सांगत काही नाही, डिस्क नुसती दिसत नाही.

ती दोन तास धाकधूक मी विसरणार नाही. तुमच्याकडं काय दिसेनासं झालं आणि दोष कुठं सापडला, ते सविस्तर लिहा. दिवाळीच्या साफसफाईआधी सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

निपाणी

तंबाखूच्या वखारीत बिलं करायला कॉम्प्युटर आहे. तंबाखूची धूळ साध्या धुळीसारखी उडून जात नाही, चिकटून बसते. सगळं साफ करून जोडलं तर पडदा काळा आणि सारखे बीप. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, तरी बीप थांबेनात. मग एकच रॅम ठेवून एकेका खाचेत लावून बघितली. एका खाचेत चालते, दुसरीत नाही. टॉर्च मारला तर माझ्याच ब्रशनं ढकललेली धूळ खाचेच्या तळाशी दाबून बसलेली. ब्लोअरनं काढली. रॅम बसवताना दोन्ही टोकांना ‘टक’ असा आवाज यायला पाहिजे, एका टोकाला आला म्हणून सोडू नका. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं गरगर फिरू देऊ नका.

संकेश्वर

माझं थोडक्यात. ग्राफिक कार्ड दिसत नाही म्हणून तीनदा काढून बसवलं. कार्डाला वरून लागणारी सहा पिनांची पॉवर वायर लावायचीच राहिली होती.

वडगाव, बेळगाव

आमच्या घरातच माग आहेत. सुताचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांत गादीसारखे बसतात, म्हणून वर्षातून दोनदा उघडावंच लागतं. गेल्या वेळी पंख्यासकट हीटसिंक सरळ वर ओढला आणि खाली प्रोसेसर चिकटूनच वर आला. दोघांमध्ये उष्णता वाहून न्यायला लावतात ती पेस्ट वाळून घट्ट झाली होती. एएमडीचा एएम-फोर प्रोसेसर, त्याला पिना खालच्या बाजूला असतात. परत बसवला, कॉम्प्युटर चालू झाला, सगळं ठीक वाटलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की १६ जीबीऐवजी ८ जीबीच रॅम दिसतेय.

रॅम बदलून बघितली, खाचा बदलल्या. दोन्ही रॅम एकेकट्या चांगल्या होत्या, पण एका बाजूच्या खाचेत कुठलीच दिसेना. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या अण्णांकडं नेला. त्यांनी प्रोसेसर काढून उजेडात आडवा धरला आणि कडेची वाकलेली पिन दाखवली. रॅमशी बोलणारं कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतं, त्यामुळं एक पिन नीट टेकली नाही तरी रॅमची अख्खी बाजू जाऊ शकते. शिसं काढलेल्या, बटणाच्या पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर चढवून त्यांनी ती केसभर केसभर सरळ केली. मी पुढं वाकून बघत होतो, तर म्हणाले, “निधान, निधान. गडबड माडबेडरी.” (कानडीत : हळू, हळू. गडबड करू नका.) त्यांच्याकडून शिकलो ते असं : काढायच्या आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक डावी-उजवीकडं हळू पिळत सुटा करायचा.

खानापूर

आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिथं मदरबोर्डाचं काय सांगावं. साफ करताना बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी गोल बॅटरी बदलली. त्यानंतर डिस्क बायोसमध्ये दिसायची, पण विंडोज निळ्या पडद्यावर अडकायची. एका दुकानात सांगितलं, डिस्क गेली, फॉरमॅट करावी लागेल. भावानं तिथं ठेवू दिलं नाही. बॅटरी काढल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर गेली होती. विंडोज टाकली तेव्हा साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) एक होता, आता दुसरा झाला होता. तो पूर्वीसारखा केला आणि सगळं जसंच्या तसं उघडलं. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एवढं नक्की करा.

टिळकवाडी, बेळगाव

खानापूरकर, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून एक : जुनी, डेटा असलेली डिस्क दाखवून विंडोज ‘इनिशियलाइझ करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारू लागली, तर हो म्हणू नका. आधी दोन्ही वायरी बदलून बघा.

उद्यमबाग, बेळगाव

फाउंड्रीतल्या ऑफिसचा कॉम्प्युटर. इथल्या काळ्या धुळीत लोखंडाचा बारीक कण असतो आणि त्यातून वीज जाते. ब्लोअरनं ती बोर्डभर पसरते, म्हणून आम्ही आधी मऊ ब्रशनं झाडून बाहेर काढतो. वायर काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरायचं, उरलेली वीज निघून जाते, मगच हात लावायचा.

येळ्ळूर

माझी समोरची यूएसबी अजून दिसत नाही. मागच्या सगळ्या चालतात. तुमचं वाचून आत टॉर्च मारला, तर समोरच्या यूएसबीची जाड निळी वायर जिथं बसते तिथल्या १९ पिनांतली एक आडवी झालीय. वायर तिरकी ओढली होती बहुतेक. वडगावकर, ते पेन्सिलीचं टोक इथंही चालेल का? रविवारी उघडणार आहे.