व्हांगानुई नदी 'व्यक्ती' झाली, पण पाणी कुठंय?

भोवरा: न्यूझीलंडने २०१७ च्या कायद्याने व्हांगानुईला 'ते आवा तुपुआ' म्हणून व्यक्तीचे हक्क दिले. डोंगरापासून समुद्रापर्यंत, २९० किमी, उपनद्यांसकट एकच अखंड जीव. वाचायला झकास! पण उगमाकडचे ओढे १९७० च्या दशकापासून टोंगारिरो वीजप्रकल्पाकडे वळवलेत. ते पाणी रोटोआयरा तळं, टोकाआनूचं वीजघर असं करत ताउपो सरोवरात जातं, म्हणजे वायकाटो या दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात. कायद्याने जुने परवाने तसेच ठेवले. मुंडकं उतरवून धडाला मानपत्र!

नदीकाठ: मानपत्र काय? १९०३ च्या कायद्याने जलवाहतुकीच्या नद्यांचं पात्र सरकारजमा झालं. तिथले मूळ रहिवासी माओरी १९३८ ला कोर्टात गेले, १९६२ ला हरले. 'को आउ ते आवा, को ते आवा को आउ', मी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी, असं मानणाऱ्यांना मालकीच्या भाषेत भांडावं लागत होतं. आता पात्राचा सरकारी हिस्सा नदीच्याच नावावर आहे. तिच्या वतीने दोघं बोलतात, एक माओरींनी सुचवलेला, एक सरकारने. शिवाय ८ कोटी डॉलर भरपाई, आणि नदीच्या आरोग्यासाठी ३ कोटींचा निधी वेगळा.

भोवरा: उत्तराखंड उच्च न्यायालयानेही मार्च २०१७ मध्येच गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती.

नदीकाठ: तिथे पालक म्हणून सरकारी अधिकारीच नेमले होते. पूर आला तर नुकसानभरपाई कोण देणार, यावरच राज्य सरकार घाबरलं. इकडे आधी वाटाघाटी, मग कायदा. तुलना जुळत नाही.

सांडवा: तुमचं दोघांचं कागदावरच चाललंय. या नदीचा संसार मासेमारीच्या कुडांवर, म्हणजे मासे अडवायला प्रवाहात उभारलेल्या कुंपणांवर, उभा होता. ईल या सापासारख्या लांबट माशाचा कूड प्रवाहाच्या दिशेने लावतात, कारण ईल शरद ऋतूतल्या पुरात खाली उतरतात. लॅम्प्रे या ईलसारख्याच दिसणाऱ्या, बिनजबड्याच्या माशाचा कूड काठाला काटकोनात, कारण ते काठ धरून वर चढतात. फटीतून घुसायला गेले की जोराचा प्रवाह त्यांना मागे लोटतो, थेट खालच्या जाळ्यात. आगबोटींना वाट हवी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे कूड मोडले. आणि भोवरा, नदी गढूळ आहे, पण तो गढूळपणाही वीजप्रकल्पाच्या माथी मारू नका. उतारांवरचं जंगल मेंढ्यांसाठी तोडलं, तिथला मऊ चिखलखडक पावसात ढासळतो.

भोवरा: गाळाचं मान्य. पण कुडाला जोर लागतो प्रवाहाचा, आणि तोच तर वीजप्रकल्पाने बोगद्यात घातलाय.