‘चेंबर प्रेशर’ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ (भुसावळ): रायफलीच्या सुरक्षा-पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. ‘चेंबर प्रेशर’ला ‘कक्षदाब’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘नळीतील दाब’ केलं. पुढचं वाक्य: ‘लष्करी व व्यापारी काडतुसे परस्पर सुसंगत आहेत.’ दोन्ही खटकतं.

गिरणामाय: ‘नळी’ नकोच. गोळी नळीत जेमतेम शिरते तेव्हाच दाब सर्वांत जास्त. तोंडाशी येईतो तो बराच उतरतो. काडतूस बसतं ती ‘कोठी’. ‘कोठीदाब’ म्हणा.

वरणगाव फाटा: आप्पा, कोठी म्हटलं की इकडे आधी धान्याची, मग दारूगोळा साठवायची. ‘चेंबर’च ठेवा. भांडायचं तर ‘परस्पर’वर भांडा. 5.56 नाटो या लष्करी काडतुसाच्या चेंबरमध्ये .223 रेमिंग्टन हे व्यापारी काडतूस चालतं, उलट नाही. पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) बाहेरून सारख्याच, पण .223च्या चेंबरचा घसा, म्हणजे चेंबरपुढची मोकळी जागा, आखूड. लष्करी गोळी रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पेचदार आट्यांना, लवकर भिडते आणि दाब चढतो. मग टोपी, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी वाटी, चपटी होते, कधी निसटून चापाच्या यंत्रणेत अडकते, पुंगळी ओढली तरी निघत नाही. आपल्या अहिराणीत सांगायचं तर, बठनी म्हंजे चालनी अस नही.

गिरणामाय: मग लष्करी 7.62×51 आणि व्यापारी .308 विंचेस्टरचं काय? लष्करी 50,000, व्यापारी 62,000 असे आकडे सगळीकडे दिसतात.

वरणगाव फाटा: ते आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. 50,000 हे सीयूपी (कॉपर युनिट्स ऑफ प्रेशर) आहे: पिस्टनखाली तांब्याची कांडी ठेवायची आणि ती किती चेपली ते मोजायचं. 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) मोजलं स्फटिकाच्या सेन्सरवर. तांबं चेपायला वेळ लागतो, म्हणून क्षणभराचं शिखर ते कमी दाखवतं. तांब्याच्याच मापाने .308 येतं 52,000 सीयूपी. पुस्तिकेत आकड्यापुढचं एकक गाळलंत तर शब्द कितीही चांगला निवडा, उपयोग नाही.

या जोडीत खरी भानगड हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतच्या अंतराची. .308चं ‘गो’ गेज (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) 1.630 इंच, ‘नो-गो’ (यावर बंद होता कामा नये) 1.634. लष्करी रायफलीचं ‘फील्ड’ गेज (वापरातल्या रायफलीची कमाल मर्यादा) 1.6455 पर्यंत जातं. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, ती एवढा ताण सोसते. व्यापारी पितळ पातळ, ते बुडाच्या जरा वर ताणतं आणि तिथेच तुटतं. झाडलेल्या पुंगळीवर त्या जागी चकचकीत वळं दिसलं तर रायफल बाजूला ठेवा. शंका वाटली तर टोक वाकवलेली तार पुंगळीत घालून आतून फिरवा. खाच असेल तर टोक अडकतं.

अमळनेरकर: ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आलं, ते कुणी खोडत नाही. मग ‘चेंबर’लाच का अडवायचं? ‘टोपी’ मात्र अस्सल आपली, ठासणीच्या बंदुकीपासूनची.

गिरणामाय: काडतूस तीन-चारशे वर्षं तोंडात रुळलं, ‘चेंबर’ कारखान्यापुरतंच रुळलंय. पुस्तिका कारखान्याबाहेरही जाणार ना?

तापीकाठ: ‘परस्पर सुसंगत’ काढतो. कोणतं काडतूस कोणत्या चेंबरमध्ये, अशी चार वेगळी वाक्यं लिहितो. ‘कक्षदाब’ अजून अडलाय.

अमळनेरकर: त्या चार वाक्यांत ‘गोळी’ शब्द तपासा. लोक अख्ख्या काडतुसालाही गोळीच म्हणतात, आणि घशाचा मुद्दा तर नुसत्या शिशा-तांब्याच्या टोकाचा आहे.

वरणगाव फाटा: मग टोकाला ‘गोळी’ आणि सगळ्याला ‘राउंड’ लिहा.

गिरणामाय: ‘राउंड’? दादा, ‘काडतूस’ असताना?