मदत हवी आहे: शिकवणीतून जुळणारी प्रेमकथा मध्येच अडकली

मंडळी, एक किशोरवयीन प्रेमकथा लिहितेय आणि बरोबर मध्यावर गाडी रुतली आहे. ती अभ्यासू आणि फटकळ. तो फुटबॉलवेडा, गणितात दोनदा नापास. सर तिला सांगतात, याला शिकव. इथवर सगळं घिसंपिटं, मान्य.

सुरुवातीचा एक प्रसंग मात्र जमलाय. (क्ष + ३) चा वर्ग तो दर वेळी 'क्ष वर्ग अधिक ९' असा लिहितो. ती सूत्र सांगत बसत नाही. वहीत चौरस काढते, प्रत्येक बाजूचे क्ष आणि ३ असे तुकडे पाडते, उरलेले दोन आयत पेन्सिलीने काळे करते आणि विचारते, "हे दोघं कुठे गेले?" तिथे ६ क्ष सापडतात आणि तो पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढतो.

अडचण पुढे आहे. उत्तरं कायम तिच्याकडे, त्यामुळे त्याचं प्रेम नुसती कृतज्ञता वाटायला लागलंय. मग तो तिला पोहायला शिकवतो, असंही लिहून पाहिलं. फाडलं. उसने पैसे परत केल्यासारखं वाटत होतं.

तुमच्यापैकी कुणी वर्गातल्याच कुणाला शिकवलंय का, किंवा तसं शिकलंय? समोरचा "कळलं" म्हणतोय पण कळलेलं नाही, हे कशावरून ओळखायचात? आणि तो पास झाला की शिकवणीचं निमित्तच संपतं. मग या दोघांनी भेटायचं कोणत्या सबबीखाली? (तो मुद्दाम नापास होतो, हे कृपया सुचवू नका.)